यूटी२१०ई क्लॅम्प मीटर: जुन्या बॉक्स्टरची बॅटरी रात्रीत कोण खातंय?

यूनी-टी कंपनीचा यूटी२१०ई हा तळहातात मावणारा क्लॅम्प मीटर आहे. वायरीभोवती जबडा अडकवून, वायर न तोडता डीसी करंट मोजतो आणि २ अँपिअरच्या रेंजवर १ मिलीअँपिअरपर्यंतचा फरक दाखवतो. ज्याच्या दारात पंधरा-पंचवीस वर्षं जुनी पोर्शे बॉक्स्टर आहे, त्याला नेमकं एवढंच हवं असतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’. सांगलीत त्यावर ठरलेला इलाज म्हणजे नवी बॅटरी. मग तीही महिन्याभरात उतरते, कारण करंट खाणारा गाडीतच बसलेला असतो आणि त्याला कोणी हात लावलेला नसतो.

कंपनीचं वर्कशॉप सांगलीत नाही. फ्लॅटबेडवर टाकून गाडी मुंबईला न्यायची आणि ‘बॅटरी ड्रेन तपासून द्या’ म्हणायचं, तर बिल तासांवर लागतं. त्या तासांतला मोठा भाग नुसता वाट बघण्यात जातो. वाट घरच्या शेडमध्ये फुकट बघता येते, म्हणून फॉल्ट कोड वाचणाऱ्या स्कॅनरच्या आधी हा मीटर घ्यावा असं आमचं मत आहे. नव्या बॅटरीपेक्षा तो स्वस्त पडतो.

घेताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली दुकानात. गणपती पेठेत किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत ‘क्लॅम्प मीटर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा मोटार रिवाइंडिंगवाले वापरतात तो ४०० किंवा ६०० अँपिअरचा एसी मीटर पुढे येतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो. बॅटरीच्या वायरीवर लावला तर शून्यच दाखवणार, कारण डीसी त्याला कळतच नाही. डीसीसाठी जबड्यात हॉल सेन्सर असावा लागतो. दुसरी फसगत ऑनलाइन. याच सिरीजमधले मीटर दिसायला जुळ्या भावंडांसारखे आहेत, म्हणून मॉडेल नंबरच्या शेवटचं अक्षर ‘ई’ आहे ना ते बघा. २, २० आणि १०० अँपिअर या तीन रेंज एसी आणि डीसी दोन्हींना आहेत, हेही खोक्यावर वाचून घ्या. डीसीची २ अँपिअरची रेंज नसेल तर आपल्या कामाला तो मीटर बिनउपयोगी.

आता क्लॅम्पच का, साध्या मल्टिमीटरवर का भागत नाही? मल्टिमीटरनं करंट मोजायचा तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून मीटर मधे घालावा लागतो. केबल सुटली की गाडीतले सगळे कंट्रोल युनिट बंद पडतात. परत जोडल्यावर ते नव्यानं जागे होतात, आणि जो रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटून बसला होता किंवा जे युनिट झोपायला तयार नव्हतं, ते नेमकं सुधारतं. रोग तपासायला गेलं की रोगीच ठणठणीत! शिवाय मीटर मधे असताना चुकून कोणी दार उघडलं किंवा किल्ली फिरवली की मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. बॉक्स्टरमध्ये केबल सोडली की त्यानंतरची कामंही मागे लागतात. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरच्या, म्हणजे ९८६ च्या, मूळ रेडिओला कोड द्यावा लागतो. दोन्ही काचा वर नेऊन बटण दाबून धरत पुन्हा शिकवाव्या लागतात. किल्ली ऑनवर ठेवून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, मिनिटभर थांबून थ्रॉटलची जुळणी करून घ्यावी लागते. क्लॅम्प लावला तर यातलं काहीच करावं लागत नाही. या मीटरला करंटसाठी वेगळं सॉकेटच नाही, त्यामुळे उडायला फ्यूजही नाही.

खरी मेख झिरो करण्यात आहे. आकडा चुकीचा आला अशी या मीटरबद्दलची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. हॉल सेन्सरला वायरीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राशी काम असतं आणि ५० मिलीअँपिअरचं क्षेत्र इतकं क्षीण असतं की पृथ्वीचं चुंबकत्वही आकडा हलवतं. मीटर हातात धरून नुसता उत्तर-दक्षिण फिरवा, काही न अडकवताच आकडा बदलताना दिसेल. म्हणून मीटर चालू करा, डीसी २ अँपिअरवर ठेवा, दोन-चार मिनिटं तसाच राहू द्या. जबडा बंद ठेवून, ज्या जागी आणि ज्या दिशेनं लावायचा आहे तिथेच धरून झिरोचं बटण दाबा आणि मगच वायरीत अडकवा. जवळ चुंबकाची टॉर्च, चुंबकाची नटबोल्टची वाटी किंवा मोबाइलचं चुंबकी होल्डर नको.

तेवढ्यावरही भरवसा नसेल तर उलटसुलट माप घ्या. समजा एका बाजूनं ६८ मिलीअँपिअर दिसले. क्लॅम्प काढून उलटा लावला, तर उणे ५२ आले. चिन्ह सोडून दोन्हींची बेरीज १२०, तिची निम्मी ६०. खरा करंट ६०, वरचे ८ मीटरची चूक. ही युक्ती केली की झिरो थोडा सरकला तरी बिघडत नाही, आणि तो सरकतोच. दहा-पंधरा मिनिटांनी परत झिरो करणं भाग आहे. मीटर काही वेळानं आपोआप बंद होतो, चालू केल्यावर झिरो पुन्हा पहिल्यापासून. मोठा करंट मोजल्यावर जबड्यात थोडं चुंबकत्व उरतं, तेव्हाही तेच.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी मीटर खरा की खोटा हे बघायला १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब बॅटरीवर लावा. ०.४ अँपिअरच्या आसपास दिसायला हवं. २१ वॉटच्या इंडिकेटर बल्बला पावणेदोन अँपिअर. अगदी छोटा करंट असेल तर वायर जबड्यातून दहा वेळा गुंडाळा. ४ मिलीअँपिअरचे ४० दिसतील, दहानं भागलं की झालं.

आता गाडी. बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या डिकीत, काचेच्या खाली प्लास्टिकच्या झाकणामागे असते. झाकण काढा आणि डिकी उघडी ठेवून तिचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करा, म्हणजे गाडीला डिकी लागली आहे असं वाटतं. इथे एक खबरदारी. काम झाल्यावर ते कुलूप आधी उघडायचं, मगच डिकी लावायची. विसरून झाकण आपटलं तर कुलूप वाकतं आणि झाकणाला पोचा पडतो. गाडी रिमोटनं लॉक करा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि क्लॅम्प निगेटिव्ह केबलवर लावा. निगेटिव्हच का, तर मूळच्या गाडीत सगळा करंट त्या एकाच केबलनं परत येतो. पण नंतर कोणी अॅम्प्लिफायर किंवा जीपीएसची अर्थिंग थेट निगेटिव्ह टर्मिनलवर जोडली असेल तर ती वायरही जबड्यात धरा, नाहीतर खरा चोर मापातून सुटतो. जबडा १७ मिलिमीटर उघडतो. एक जाड केबल आणि सोबत एखादी बारीक वायर बसते, दोन जाड केबल बसत नाहीत.

लॉक केल्या केल्या आकडा मोठा असतो, मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. निदान ३० ते ४० मिनिटं थांबा. या वेळात दाराच्या हँडलला हात लावायचा नाही, डिकीत डोकावायचं नाही. घाई करून पाचव्या मिनिटाला ‘ड्रेन सापडला’ म्हणणारे पुष्कळ असतात. झोपलेली बॉक्स्टर साधारण २० ते ५० मिलीअँपिअर घेते. अलार्मचा लाल दिवा लुकलुकतो तसा आकडाही जरा थरथरतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

हिशेब सोपा आहे. ४० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी निम्मी व्हायला पाच आठवडे लागतील. २५० मिलीअँपिअर असतील तर दिवसाला ६, म्हणजे सहा दिवसांत निम्मी. गाडी फक्त रविवारी निघत असेल तर ‘टक’चा उलगडा इथेच होतो.

पुष्कळदा आकडाच चोराचा पत्ता सांगतो. ०.४ अँपिअर आले तर कुठेतरी ५ वॉटचा बल्ब जळतोय. ग्लोव्ह बॉक्स आणि मागची डिकी बघा. झाकण लावलं की दिवा विझतो का, हे आत मोबाइलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं की कळतं. १४०-१५० मिलीअँपिअरच्या जवळ आकडा ठाम उभा असेल तर एखाद्या रिलेची कॉइल ओढून धरलेली असण्याची शक्यता मोठी. साध्या १२ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स ८०-९० ओहम असतो, त्याचा करंट एवढाच येतो. आकडा दर काही मिनिटांनी उसळी घेऊन परत खाली येत असेल तर एखादं युनिट सारखं जागं होतंय. जीपीएस ट्रॅकर किंवा दाराचा मायक्रोस्विच हे त्यातले ठरलेले आरोपी.

आकड्यावरून पत्ता लागला नाही तर फ्यूज. पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे फ्यूज बॉक्स आहे, ९८६ मध्ये त्यात ए ते ई अशा ओळी आहेत. दार उघडून लॅच स्क्रूड्रायव्हरनं बंद करा, गाडी पुन्हा झोपू द्या आणि मग एकेक फ्यूज काढत क्लॅम्पकडे बघा. एकानं फ्यूज काढायचा, दुसऱ्यानं पुढे आकडा वाचायचा. काढलेला फ्यूज लगेच परत बसवू नका, बसवल्यावर ते सर्किट जागं होतं आणि पुढचे आकडे बिघडतात. सगळे काढून ठेवा, जागा कागदावर लिहा. फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट मोजायची पद्धतही चांगली, पण १५ अँपिअरच्या फ्यूजमधून २०० मिलीअँपिअर जात असतील तर टोकांवर जेमतेम १ मिलिव्होल्ट पडतो. त्याला ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा वेगळा मल्टिमीटर हवा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर संशय अल्टरनेटरवर. आपल्याकडचे जुने वायरिंगवाले त्याला अजून डायनॅमोच म्हणतात. त्याची जाड केबल फ्यूज बॉक्समधून जात नाही. इंजिन बंद असताना त्या केबलवर क्लॅम्प लावा, शून्याजवळ यायला हवं. शंभर-दोनशे मिलीअँपिअर असतील तर आतला डायोड गळतोय, आणि बॅटरी कितीही बदला, फरक पडणार नाही.

९८६ मध्ये हमखास सापडणारा चोर म्हणजे इग्निशन स्विचचा विजेचा भाग. त्याचे कॉन्टॅक्ट झिजतात, किल्ली काढली तरी गाडीला ती आतच आहे असं वाटतं आणि रेडिओ झोपत नाही. कधी उलटं होतं, गाडी चालू असते पण एसीचा ब्लोअर किंवा वायपर मधेच जातात. पूर्ण लॉक बदलायची गरज नाही. मागचा स्विच स्वतंत्र मिळतो, नंबर ४ए० ९०५ ८४९ बी. हा ऑडी-फोक्सवॅगनचाच पार्ट आहे, त्यामुळे पोर्शेच्या डब्यातला मागवायचं कारण नाही. दोन बारीक स्क्रूंवर लाख लावलेली असते, ती खरवडूनच स्क्रू फिरवा, नाहीतर खाच जाते आणि मग स्टिअरिंगखाली उलटं पडून शिव्या घालत बसावं लागतं.

दाराच्या लॅचमधला मायक्रोस्विचही असाच. हँडल ओढल्यावर काच किंचित खाली येत नसेल, किंवा लॉक करताना हॉर्न एकदा बारीक वाजत असेल, तर कुठलं तरी दार किंवा झाकण उघडं आहे असं अलार्मला वाटतंय.

पावसाळ्यातला प्रकार वेगळा आणि महागडा. छत मागे दुमडतं त्या खोबणीत दोन्ही बाजूंना पाणी जायची भोकं आहेत, पुढे बॅटरीच्या आजूबाजूलाही आहेत. विश्रामबागेत चिंचेच्या नाहीतर गुलमोहराच्या झाडाखाली गाडी लावायची सवय असेल तर तो बारीक पाला थेट या भोकांत जातो. वर गळिताच्या हंगामात कारखान्यांची काजळी. दोन्ही मिळून आत चिखलाचा बूच बसतो. पाणी मग सीटखाली उतरतं, आणि ९८६ चं इमोबिलायझर-अलार्मचं युनिट सीटखालीच आहे. ते भिजलं की अलार्म मध्यरात्री वाजतो, रिमोट चालत नाही, ड्रेन वाढतो आणि शेवटी गाडीच चालू होत नाही. मीटरवर आकडा रोज वेगळा दिसत असेल तर फ्यूज काढत बसण्याआधी कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. वरून कोरडा लागतो, आत ओला असतो.

मे महिन्यातच प्रत्येक भोकात अर्धा लिटर पाणी ओता. ते भराभर गाडीखाली पडताना दिसलं पाहिजे. तुंबलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची तार हलक्या हातानं फिरवा. काँप्रेसरची हवा मारू नका, आतला पाइप जोडातून सुटतो आणि मग पाणी कुठे जातं ते कळतच नाही. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी होती अशी गाडी स्वस्तात दाखवत असतील तर त्या सीटखालच्या कनेक्टरच्या पिना बघा. हिरवट पावडर दिसली की भाव करायचंही सोडून द्या.

उसाच्या फडाशेजारी शेड असेल तर उंदीर आलेच. कुरतडलेल्या वायरीला नुसती पिळून काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाची सोय. तेवढ्याच जाडीचा तुकडा, क्रिंपिंग (दाबून केलेला जोड), आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी. फ्यूजला तार गुंडाळणाऱ्याला तर शेडच्या बाहेरच थांबवा.

या मीटरला जमत नाही ते सेल्फचं काम. त्याची मर्यादा १०० अँपिअर, आणि सहा सिलिंडरचं इंजिन फिरवताना सेल्फ त्याच्या कितीतरी पुढे जातो. पण इथे त्याचा व्होल्टमीटर कामी येतो. बॅटरी पुढे आणि इंजिन सीटच्या मागे, म्हणून बॉक्स्टरची पॉझिटिव्ह केबल लांबलचक आहे. सेल्फ आणि अल्टरनेटर जोडणाऱ्या तुकड्याचा क्रिंप आतून गंजतो. गाडी गार असताना चांगली चालू होते, पुण्याहून येऊन पेट्रोल भरायला थांबली की सेल्फ रडतो. बॅटरीला १२.६ व्होल्ट असूनही.

तपासायला चारेक मीटरची जादा वायर लागते. गाडी गरम असतानाच हे करा, गार गाडीत दोष लपतो. इंधन पंपाचा फ्यूज काढा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवा आणि पाच सेकंद सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल गेली. मग इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह असंच मोजा, तिथे जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी काढून वायर ब्रशनं घासा. त्या बोल्टला फ्यूजचं संरक्षण नाही, पाना किंवा प्रोब आजूबाजूच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. गाडी वर उचललेली असेल तर स्टँड आणि चाकांना अडसर हवाच.

उन्हाळ्यात मात्र क्लॅम्पच. पुढे दोन बाजूंना दोन रेडिएटर आणि दोन पंखे आहेत. मंद गतीसाठी रेझिस्टर असतो, तो जळतो. पंखा मग फक्त जोराच्या गतीवर, तापमान चढल्यावरच फिरतो आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. एसी लावा, दोन्ही पंखे मंद फिरायला हवेत. दोन्हींच्या वायरीवर २० अँपिअरच्या रेंजमध्ये करंट बघा. आकडे जवळपास सारखे हवेत. एकीकडे शून्य म्हणजे रेझिस्टर किंवा वायर, एकीकडे बराच जास्त म्हणजे पंख्याचं बेअरिंग जड झालंय. एप्रिलमध्ये चाळिशीच्या उन्हात कोल्हापूर रोडच्या सिग्नलवर गाडी तापण्याआधी हे बघून घ्या. इंधन पंपालाही हीच परीक्षा, तो साधारण पाच ते सात अँपिअर घेतो.

इग्निशन कॉइलच्या बाबतीत मीटर गप्प. पावसात इंजिन अडखळत असेल तर सहाही कॉइल काढून प्लास्टिकला केसासारखी भेग आहे का ते डोळ्यांनीच बघायचं. परत बसवताना प्लग ३० न्यूटन-मीटर, कॉइलचे स्क्रू १०.

किरकोळ तक्रारी: सोबतच्या प्रोबच्या वायरी बारीक आहेत, सेल्फजवळच्या अडचणीत आणखी लांब हव्या होत्या. स्क्रीनचा दिवा लवकर विझतो. दोन ट्रिपल-ए सेल लागतात आणि ते उतरत आले की झिरो जास्तच पळतो, तेव्हा कामाआधी नवे टाका. एमआयडीसीतल्या थ्री-फेज पॅनेलवर हा मीटर वापरू नका, त्याची सुरक्षा श्रेणी त्यासाठी नाही.

आणि बॅटरी पूर्ण बसल्यावर पुढची डिकीच उघडत नसेल, तर दुसऱ्या पिढीच्या ९८७ मध्ये आणि विजेचं कुलूप असलेल्या नंतरच्या ९८६ मध्ये फ्यूज बॉक्समधला पॉझिटिव्हचा पिन बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस द्या, मायनस दाराच्या चौकटीवरच्या लॅचच्या लोखंडी आकड्याला. अलार्म वाजेल, घाबरू नका, रिमोटनं बंद करून डिकीचं बटण दाबा. या पिनवरून गाडी चालू करायचा प्रयत्न मात्र करायचा नाही. तेवढ्या बारीक वायरीतून सेल्फचा करंट जात नाही.